११ वर्षांचा प्रोजेक्टर बदलायचा? आधी पडदा मोजा

प्रश्न असा आलाय: लालबाग-परळ भागात घराण्याचं सिंगल स्क्रीन थिएटर, बाल्कनी धरून ६०० खुर्च्या. ४० फूट रुंद स्कोप पडदा (उंचीच्या सुमारे २.४ पट रुंद), तोही थ्रीडीच्या लाटेत बसवलेला चंदेरी. केबिनमध्ये ११ वर्षांचा टू-के (रुंदीत सुमारे २,००० ठिपके) झेनॉन, म्हणजे झेनॉन वायूच्या दिव्यावर चालणारा, प्रोजेक्टर. लोक म्हणतात, पिक्चर काळपट दिसतं. समोर दोन प्रस्ताव आहेत. एक, बंद पडलेल्या मल्टिप्लेक्समधला वापरलेला फोर-के (रुंदीत त्याच्या दुप्पट ठिपके) झेनॉन. तो सध्या भिवंडीच्या गोदामात आहे. दुसरा, नवा टू-के लेझर फॉस्फर, १४,००० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे मशीन फेकतं त्या एकूण उजेडाचं माप), "३०,००० तास चिंता नाही" या हमीसह. पुढची १० वर्षं चित्र कोणाचं टिकेल?

सरळ उत्तर आधी देतो. गोदामातला फोर-के घेऊ नका. लेझर घ्यायचा झाला तर सांगितलाय त्याहून एक पायरी मोठा घ्या. आणि या दोन्हींच्या आधी एक रात्र उजेड मोजायचा मीटर घेऊन हॉलमध्ये बसा, कारण चित्र प्रोजेक्टरमुळेच काळपट झालंय हे अजून ठरलेलं नाही.

मी केबिनमध्ये शिरलो तो कार्बनच्या कांड्या जाळून उजेड करण्याच्या शेवटच्या दिवसांत. तेव्हा उजेड गेला की लपायचा नाही. कांडी संपत आली की पडदा पिवळा, आणि खालून शिट्ट्या. डिजिटलमध्ये चित्र बिघडत नाही, झिजतं, आणि रोज इतकं थोडं की रोज बघणाऱ्याला ते कधीच दिसत नाही. तुमच्या ऑपरेटरला विचारा. तो देवाशपथ सांगेल की काल होतं तसंच आज आहे. खोटं बोलत नाही तो. फक्त बसवलं त्या दिवशी कसं होतं, हे कोणाच्याच डोळ्यात उरलेलं नसतं. म्हणून आकडा लागतो.

आकडा ठरलेला आहे. हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंनी २००२ साली एकत्र येऊन डीसीआय (डिजिटल सिनेमा इनिशिएटिव्ह्ज) ही संस्था काढली आणि २००५ मध्ये त्याचं पहिलं मानक आलं. पूर्ण पांढरं चित्र टाकलं की पडद्याच्या मध्यावर १४ फूट-लॅम्बर्ट, म्हणजे ४८ निट्स मिळायला हवेत (दोन्ही पडद्यावरून डोळ्याला मिळणाऱ्या उजेडाची मापं). चालत्या थिएटरला ३ची सूट: ११ ते १७. कोपरे मध्याच्या मानाने फार मंद होऊ नयेत. शेवटच्या शोनंतर लॅम्प वीसेक मिनिटं तापू द्या, प्रोजेक्टरमधला पांढरा टेस्ट पॅटर्न टाका, मागून एक तृतीयांश अंतरावरच्या मधल्या खुर्चीत बसा आणि पडद्यावरचे नऊ बिंदू मोजा. मग अगदी कडेच्या खुर्चीत जाऊन तेच परत. मीटर भाड्याने मिळतो. मोबाइलवरचं ॲप या कामाला चालणार नाही.

आकडा कमी आला तरी लगेच प्रोजेक्टरवर बोट ठेवू नका. मुंबईतल्याच एका थिएटरमध्ये मला "मशीन मेलंय, नवं सुचवा" म्हणून बोलावलं होतं. मोजलं तर साडेआठ. पोर्टची काच, म्हणजे केबिनमधून उजेड हॉलमध्ये जातो ती खिडकी, केबिनच्या बाजूने लखलखीत होती, रोज पुसायचे. हॉलच्या बाजूने कोणी हात लावला नव्हता, कारण त्यासाठी बाल्कनीत शिडी लावावी लागते. खाली कॅन्टीनमध्ये वडे तळले जायचे आणि त्याची वाफ बाल्कनीच्या छतापर्यंत चढायची. काचेवर तेलाचा थर इतका की बोट फिरवलं तर रेघ उमटली. साबणपाण्याने दोनदा धुतली आणि साडेआठचे साडेदहा झाले. शिवाय काळा रंग परत काळा दिसू लागला, कारण तेलकट काच उजेड नुसता अडवत नाही, तो चित्रभर पसरवते. ती काच साधी खिडकीची असेल तर स्वच्छ असूनही ८ टक्के प्रकाश खाते, दर पृष्ठभागाला ४. कोटिंगवाली बसवा. या सगळ्या व्यवहारात एवढी स्वस्त सुधारणा दुसरी नाही.

मग पडदा. चंदेरी पडदा आला तो ध्रुवीकरणाच्या थ्रीडीसाठी, म्हणजे दोन डोळ्यांची चित्रं वेगवेगळ्या दिशेने कंप पावणाऱ्या प्रकाशात टाकतात त्या थ्रीडीसाठी. पांढरा पडदा तो प्रकाश विस्कटून टाकतो आणि चष्म्यात डोळ्यांना वेगवेगळी चित्रं मिळत नाहीत, म्हणून चांदी. पण चांदी प्रकाश मधल्या रांगांकडे जास्त फेकते आणि कडेच्यांना उपाशी ठेवते. टूडी चित्रात मध्यभागी एक उजळ डाग दिसतो, खुर्ची बदलली की डाग सरकतो. त्यात इतक्या वर्षांची धूळ, एसीची ओल, एखाद्या पावसाळ्यात छतातून आलेला ओघळ. पांढरा पडदा जपून झाडता तरी येतो, चंदेरी पुसला की पुसल्याचा डाग कायमचा. लोक काळपट म्हणतात ते कुठल्या खुर्च्यांवरून, हे डोअरकीपरला विचारा. कडेच्या आणि स्टॉलच्या पुढच्या रांगांतून तक्रार जास्त असेल तर तुमचा पहिला आरोपी पडदा. थ्रीडीचे शो वर्षाला किती लावता? दोन-चार असतील तर त्यासाठी वर्षभर चांदी सांभाळण्यात अर्थ नाही.

आता प्रस्तावांचा हिशेब. हा कागदावर स्वतः करून बघा, विक्रेत्यासमोर उपयोगी पडेल.

४० फुटी स्कोप पडद्याची उंची पावणेसतरा फूट, क्षेत्रफळ साधारण ६७० चौरस फूट. पांढरा, गेन १चा (उजेड कुठल्याही एका दिशेला जास्त न फेकणारा) पडदा धरला तर १४ फूट-लॅम्बर्टला ९,४०० ल्युमेन थेट पडद्यावर पोचायला हवेत. पण टू-के चिप २०४८ बाय १०८० ची असते आणि स्कोप चित्र त्यातल्या ८५८ ओळीच वापरतं. वरच्या-खालच्या ओळी काळ्या, म्हणजे माहितीपत्रकातल्या ल्युमेनपैकी पाचवा हिस्सा तिथेच गेला. साधी पोर्टची काच आणखी ८ टक्के घेते. तुमच्या १४,००० पैकी पडद्यावर पोचतात १०,२०० च्या आसपास, म्हणजे १५ फूट-लॅम्बर्ट.

पहिल्या दिवशी १५, सगळे खूश, पेढे वाटून होतील. पण २८ टक्के घसरण झाली की तुम्ही ११च्या खाली. आणि ३०,००० तासांचा तो आकडा नक्की कशाचा? काही कंपन्या प्रकाश निम्मा होईपर्यंतचे तास सांगतात, काही ८० टक्क्यांपर्यंतचे. दोन्ही खरं बोलतात, फक्त वेगवेगळी गोष्ट बोलतात. तुमच्या पडद्यावर निम्मा म्हणजे साडेसात. त्या चित्राला चार शिव्या बसतील.

तासांचाही आपल्याकडचा हिशेब वेगळा. दिवसाला चार शो, शो तीन तासांचा: १२ तास. वर्षाचे ३६० दिवस धरले तर ४,३००च्या वर. २०,००० तास म्हणजे पाच वर्षंसुद्धा नाहीत, ३०,००० म्हणजे सात. विक्रेता "दहा वर्षं बघायला नको" म्हणतो तेव्हा तो दिवसाला आठ तासांचं गणित करत असतो. एक बचत मात्र खरी आहे. इंटर्व्हलला आणि दोन शोंच्या मधे लेझर बंद ठेवता येतो. झेनॉनला पेटवण्या-विझवण्याचा त्रास होतो म्हणून तो मधल्या वेळातही जळतच राहतो.

म्हणून १७,०००-१८,००० ल्युमेनचं मशीन मागा आणि ते पहिल्या दिवसापासून पाऊण ताकदीवर लावून १४ वर थांबवा. वर्षं सरतील तशी ताकद थोडी थोडी वाढवायची. लेझर डायोड पूर्ण ताकदीवर आणि गरम चालला की लवकर म्हातारा होतो. पाऊण ताकदीवर, थंड ठेवला तर आयुष्य वाढतं आणि हाताशी उजेडाचा साठाही राहतो. दहा वर्षं टिकणारं चित्र म्हणजे व्यवहारात हा साठा. तो खरेदीच्या दिवशी घेतला नाही तर नंतर कुठूनही आणता येत नाही.

लेझर फॉस्फर की आरजीबी लेझर, हे तुम्ही विचारलं नाही, पण विक्रेता हळूच महागडं मशीन पुढे सरकवेल. फॉस्फरमध्ये निळे डायोड फिरत्या चाकावरच्या फॉस्फरवर पडतात, त्यातून पिवळा प्रकाश निघतो आणि त्यातूनच लाल-हिरवा वेगळा काढतात. लाल मुळातच अपुरा, म्हणून मानकाचा लाल गाठायला पिवळ्याचा काही भाग गाळून टाकावा लागतो, किंवा वेगळे लाल डायोड जोडतात. आरजीबीत तिन्ही रंगांचे डायोड स्वतंत्र, रंग श्रीमंत, प्रकाश भरपूर. पण तुमच्या चंदेरी पडद्यावर आरजीबी टाकलात तर चित्रात वाळूसारखी चमचम दिसेल. तिला स्पेकल म्हणतात आणि जास्त गेनच्या पडद्यावर ती वाढते. शिवाय तिन्ही रंग सारख्या वेगाने म्हातारे होत नाहीत. पांढरा रंग जागेवर ठेवायचा तर सगळ्यात अशक्त रंगाच्या मापाने बाकीचे दोन खाली आणावे लागतात. एक रंग २० टक्के उतरला की सगळं चित्र २० टक्के उतरतं. ४० फुटी पांढऱ्या पडद्याला, तुमच्या तिकीटदरात, चांगला फॉस्फर पुरे.

झेनॉनची घसरण वेगळ्या चालीची. लॅम्पमधल्या इलेक्ट्रोडचं टंगस्टन हळूहळू उडतं आणि क्वार्ट्झच्या फुग्याला आतून काळं करतं. टोक झिजलं की ठिणगी जागा बदलते आणि पडदा लुकलुकतो. २ किलोवॅटच्या लॅम्पला साधारण २,००० तासांची हमी असते, ६ किलोवॅटच्या वर्गात ती ५००-६०० वर येते. आपल्याकडे हमीचे तास संपले तरी "अजून जळतोय ना" म्हणून चालवतात. हे करू नका. लॅम्प थंड असतानाही आत वातावरणाच्या अनेक पट दाब असतो. तो फुटला तर रिफ्लेक्टर घेऊन जातो, आणि बदलताना हातात फुटला तर बोटं. तोंडावर शील्ड, जाड हातमोजे आणि जॅकेट घातल्याशिवाय कोणालाही लॅम्पहाऊस उघडू देऊ नका, मग तो कितीही जुना ऑपरेटर असो.

झेनॉनची जमेची बाजूही सांगतो. नवा लॅम्प घातला, नीट अलाइन केला की प्रकाश जवळजवळ पहिल्यासारखा परत येतो. मात्र लॅम्प नवा असूनही प्रकाश येत नसेल तर झीज पुढे सरकलेली आहे: रिफ्लेक्टरचा थर तडकलाय, कोल्ड मिरर किंवा यूव्ही फिल्टर जळलाय, किंवा प्रकाश एकसारखा करणाऱ्या इंटिग्रेटर रॉडच्या तोंडावर धूळ भाजून बसलीय. तुमच्या ११ वर्षांच्या मशीनमध्ये यातलं एखादं निघेल अशी माझी अटकळ आहे. काच, अलाइनमेंट आणि हे दोन-तीन भाग करून १२-१३ मिळाले तर वर्ष-दोन वर्षं घाई न करता काढता येतील.

त्या पलीकडे मशीनचं काळीज, म्हणजे लाइट इंजिन. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये ही सूक्ष्म आरशांची चिप बनवली. बार्को, क्रिस्टी, एनईसी ही नावं वेगळी असली तरी या तिघांच्या सिनेमा प्रोजेक्टरांत चिप तीच. लाल, हिरव्या, निळ्यासाठी एकेक चिप आणि मधे प्रिझम. एका चिपवर लाखो आरसे, प्रत्येक आरसा सेकंदाला हजारो वेळा डुलतो. उष्णता वाढली की एखादा अडकतो आणि अंधाऱ्या दृश्यात लाल नाहीतर हिरवा ठिपका तारा होऊन बसतो. दोन-चार तारे कोणाला दिसत नाहीत. दर महिन्याला वाढत असतील तर थंडाव्याची व्यवस्था तपासा, द्रवाने थंड होणाऱ्या मशीनमधलं कूलंट शेवटचं कधी बदललं ते विचारा. प्रिझमवर धूळ बसली की उजेड फारसा कमी होत नाही, काळा मात्र राखाडी होतो. मानकाने थिएटरला काळ्या-पांढऱ्यातलं अंतर किमान १,२०० ला १ मागितलंय. हे साध्या मीटरने नीट मोजता येत नाही, पण काळं चित्र टाकून पाच मिनिटं अंधारात बसलात तर तुमचं तुम्हाला कळेल. काळपट म्हणजे उजेड कमी, की काळ्यावर धुकं? दोन्हींना लोक एकच शब्द वापरतात.

आणि मुंबईची हवा. ऑगस्टमध्ये इथला दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. लेझर, विशेषतः लाल डायोड, थंड ठेवावा लागतो. कूलंट २० अंशांवर आणि केबिनचं दार उघडं असेल तर पावसाळ्यातल्या थंड बाटलीवर जमतं तसं पाणी यंत्रात जमेल. मशीन तसं होऊ नये म्हणून अलार्म देतं किंवा बंद पडतं, आणि ऑपरेटर अलार्मचा आवाज बंद करतो. झेनॉनच्या जुन्या केबिनांत खिडकी उघडी टाकून मोठ्या पंख्याने हवा बाहेर फेकायची पद्धत. लेझरला ती मारक. खिडक्या बंद, केबिनला वेगळा एसी, आणि तो लेझरच्या तासभर आधी सुरू. आसपास टॉवर चढताहेत, त्याची सिमेंटची धूळ फिल्टरात येणार. तुमच्याकडे फिल्टर महिन्याला नाही, पंधरा दिवसांना काढा. खंडेनवमीला यंत्राची पूजा जरूर करा, मीही करतो, पण झेंडूची माळ हवा ओढणाऱ्या जाळीवर नको आणि उदबत्ती केबिनच्या बाहेर.

याच कारणाने गोदामातला फोर-के मला नको वाटतो. महाराष्ट्रातली थिएटरं मार्च २०२० मध्ये बंद झाली, नोव्हेंबरात निम्म्या खुर्च्यांवर उघडली, २०२१ च्या एप्रिलात परत बंद आणि मग २२ ऑक्टोबरला उघडली. त्या दोन पावसाळ्यांनंतर मी उघडलेली मशीनं आठवतात. लेन्सवर बुरशीची जाळी, लॅम्प पेटवणाऱ्या इग्नायटरमध्ये ओल, आणि मीडिया ब्लॉकची, म्हणजे सिनेमाची कुलूपबंद फाइल उलगडणाऱ्या भागाची, बॅटरी उतरलेली. ही शेवटची गोष्ट खर्चिक. सिनेमा उघडणाऱ्या केडीएमसाठी (सिनेमासोबत येणारा डिजिटल परवाना) लागणारी गुप्त किल्ली मीडिया ब्लॉकमध्ये त्या बॅटरीच्या जोरावर जपलेली असते. बॅटरी पूर्ण गेली की किल्ली पुसली जाते आणि तो ब्लॉक कंपनीकडे पाठवावा लागतो. भिवंडीत पडलेलं मशीन किती महिने वीज न लावता आहे? चिपवर किती तास आहेत? सुरू करून, पांढरं आणि काळं दोन्ही चित्र दाखवायला विक्रेता तयार नसेल तर विषय संपला.

फोर-के या शब्दाने भारावून जाऊ नका. ४० फुटी पडद्यावर टू-केचा एक ठिपका ६ मिलिमीटरचा. निरोगी डोळ्याला तो साधारण २० मीटरपर्यंतच सुटा दिसू शकतो, म्हणजे तुमच्या बाल्कनीला टू-के आणि फोर-के सारखेच. पुढच्या रांगांना फरक दिसेल, हे कबूल. पण ९ फूट-लॅम्बर्टच्या फोर-केपेक्षा १४चा टू-के कोणालाही जास्त स्पष्ट वाटतो. डोळ्याला बारकावा दिसायला आधी उजेड लागतो.

करारात काय लिहून घ्यायचं ते सांगतो. मशीन ताब्यात घेताना तुमच्या पडद्यावर, तुमच्या काचेतून मोजलेले नऊ बिंदू आणि रंगांचे आकडे, पांढऱ्याचे रंगमापनातले x, y आकडे ०.३१४, ०.३५१ च्या जवळ. मोजणारं यंत्र स्पेक्ट्रोरेडिओमीटर, म्हणजे प्रकाशातला एकेक रंग वेगळा मोजणारं, हवं, कारण फिल्टरवाले स्वस्त मीटर लेझरचे रंग चुकवतात. तीच मोजणी दरवर्षी पावसाळ्यानंतर. किती तासांनी प्रकाश किती टक्के उरेल आणि तो कुठल्या तापमानाला, हे आकड्यात. त्याखाली गेलं तर लेझर मॉड्यूल कोण बदलणार आणि तोवर शो कशावर चालणार. तोंडी "बघून घेऊ साहेब" चालणार नाही.

आणि लेन्स. जुनी लेन्स नव्या मशीनला बसेल असं धरून चालू नका. तुमची केबिन बाल्कनीच्याही वर आहे, म्हणजे फेक लांब आणि कोन उतरता. लेन्सपासून पडद्याच्या मध्यापर्यंतचं अंतर लेझर टेपने मोजून पडद्याच्या रुंदीने भागा. जो आकडा येईल त्याला झेपणारी लेन्स किमतीत धरली आहे का, हे कोटेशनवर सही करण्याआधी विचारा. ती बहुतेक वेळा धरलेली नसते.